मिरचीचा खोकला

चौकीचं नाव सांगत नाही, उंचीही सांगत नाही. एवढं सांगतो की तिथं झाड नव्हतं, कावळा नव्हता, माशीसुद्धा नव्हती. बर्फ, दगड, फायबरच्या दोन झोपड्या आणि रॉकेलचा वास. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमची तुकडी वर चढली. पोस्ट कमांडर एक कॅप्टन साहेब, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. मी सीनियर हवालदार. बाकीचे जवान बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचे. विदर्भातले आम्ही दोघंच. मी कोराडीचा, आणि लान्स नायक प्रल्हाद भिवापूरचा.

रिटायर होऊन नागपुरात आलो तेव्हापासून लोक मला एकच विचारतात. सुभेदार साहेब, दुश्मन किती पाहिले? सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात, तिथली मुलंही तेच विचारतात. खरं सांगितलं की सगळ्यांची तोंडं पडतात. त्या चौकीवर मी एकही दुश्मन पाहिला नाही. दुर्बिणीतून समोरच्या चौकीचा धूर दिसायचा, बस. आमचं भांडण पाण्याशी, झोपेशी आणि जेवणाशी होतं, आणि सकाळी डोळे उघडले की ते सुरू व्हायचं.

पाणी म्हणजे बर्फ. जेरीकॅनभर बर्फ बुखारीवर, म्हणजे रॉकेलच्या शेगडीवर ठेवायचा. वितळला की तळाला जेमतेम दोन पेले पाणी, त्यालाही रॉकेलचा वास. टूथपेस्ट ट्यूबमध्ये गोठलेली. अंडं जमिनीवर आपटलं तरी फुटत नसे. संडासला जायचं तर कमरेला दोर बांधून जायचं, दुसरं टोक बडीच्या हातात. बडी म्हणजे जोडीदार, तिथं कोणालाच एकट्यानं कुठं जाता येत नाही. पहिल्या आठवड्यात पोरं लाजायची. मग लाज आपोआप गेली. नागपूरच्या माणसाला उन्हाचा वैताग असतो, मलाही होता. तिथं मात्र मी मे महिन्यातला बर्डीवरचा डांबरी रस्ता आठवून झोपायचो. झोप यायची असं नाही.

सगळ्यात वाईट जेवणाचं. उंचीवर भूक मरते. जीभ मरते. टिनातली भाजी, टिनातलं फळ, टिनातलं मटण, सगळ्याची चव एकच, म्हणजे कसलीच नाही. डाळ कुकरमध्येही नीट शिजत नसे. पोरं दोन घास खाऊन ताट सरकवायची. आणि तिथला नियम साधा आहे. ज्यानं खाणं सोडलं तो लवकरच खाली जातो, पायानं किंवा स्लेजवर. म्हणून सीनियर हवालदार या नात्यानं माझं मोठं काम काय, तर प्रत्येकाचं ताट पाहणं. रायफल साफ आहे की नाही हे नंतर. आधी, जेवला का? माझी बायको आजही वैतागते. पाहुणा जेवायला बसला की माझी नजर त्याच्या ताटात जाते. काय करू, ती सवय अंगातून जात नाही.

प्रल्हाद मात्र पहिल्या दिवसापासून तिथं घरच्यासारखा राहिला. सकाळी उठला की झोपडीपुढचा बर्फ फावड्यानं बाजूला करायचा आणि म्हणायचा, अंगण झाडून राहिलो. तासाभरात वारा ते अंगण पुन्हा भरून टाकायचा. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. कोल्हापूरची पोरं त्याची टिंगल करायची. सडा टाक, रांगोळी काढ, पाव्हणे येणार आहेत आज. तो शांतपणे म्हणायचा की अंगण झाडल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. बूट कुठं काढायचे, पाणी कुठं ठेवायचं, कोणी कुठल्या कोपऱ्यात बसून जेवायचं, सगळं त्यानं भिवापूरच्या घरासारखं लावून दिलं होतं. पाहता पाहता आम्हीही तसंच वागू लागलो. खरं सांगतो, त्यानं बरं वाटायचं.

त्याच्या किटमध्ये एक कापडी पिशवी होती. आत भिवापूरची वाळलेली लाल मिरची. बायकोनं, रेखानं, स्वतः निवडून दिलेली. एक दिवस त्यानं बुखारीच्या झाकणावर मूठभर मिरच्या भाजायला घेतल्या. झोपडी बंद, हवेला वाट नाही. दोन मिनिटांत आठ माणसं खोकून खोकून बेजार. कोल्हापूरवाला नायक सर्जेराव दार उघडून बाहेर पळाला, थंडीनं पुन्हा आत आला, पुन्हा खोकला. कॅप्टन साहेब दुसऱ्या झोपडीतून धावत आले. त्यांना वाटलं आग लागली. प्रल्हादनं मिरची मीठ-तेलात कुटली, लसणाची पावडर टाकली आणि डाळीत कालवून पुढं केली. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, आणि पोरं जेवली. ताटं पुसून जेवली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

कॅप्टन साहेबांनी ऑर्डर दिली, दिवसातून एकदाच, आणि दार फटीएवढं उघडं ठेवून. तेव्हापासून दुपारच्या जेवणाआधी आमच्याकडं सातरा लागायचा. हा शब्द प्रल्हादचा. भिवापूरकडं सातरा म्हणजे मिरचीचं अंगण. तिथं ढीग वाळत पडलेले असतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. खोकत, शिंकत, गप्पा मारत खुडतात. प्रल्हादची आई त्यातच म्हातारी झाली, रेखाही तेच करायची. खोकला म्हणजे बिमारी असते हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आम्हा कोराडीवाल्यांचंही थोडं तसंच. वडील वीज केंद्रात होते, दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची, आई झटकून घड्या घालायची. कोणी खोकलं म्हणून कोणी मान वळवत नसे.

चौकीवर मात्र खोकल्याला फार किंमत आहे. तिथं हवा विरळ. कधी कधी चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या फुप्फुसात पाणी भरायला लागतं. फौजेत त्याला हॅपो म्हणतात. सुरुवात खोकल्यानं होते आणि मग माणूस पडल्या जागी आतल्या आत बुडतो. औषध एकच, खाली नेणं, जितकं लवकर तितकं बरं. म्हणून आमचा नर्सिंग असिस्टंट बिजू, केरळचा पोरगा, रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचा. सरदर्द? नींद? खांसी? प्रल्हाद म्हणायचा, मिर्ची की है. बिजू हसायचा, कारण त्याच मिरचीनं तोही खोकत असायचा. प्रल्हाद खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

मग हवामान बिघडलं. वारा असा सुटला की रॉकेलचे डबे घेऊन येणारी पार्टी खालीच अडकली. तेल जपायची ऑर्डर निघाली. बुखारी फक्त पाण्यासाठी आणि चहासाठी. मिरची भाजणं बंद. दोन दिवस सातरा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हाद अंगण झाडायला उठला नाही. चहा घेऊन मी त्याच्याजवळ गेलो. तो स्लीपिंग बॅगमध्ये पाठीला टेकू देऊन बसला होता आणि खोकत होता. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, मिरचीचा आहे, बसून जाईल. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मिरचीनं खोकणाऱ्या माणसाचे डोळे वाहतात, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत आहे. प्रल्हादचे डोळे कोरडे होते. ओठ जांभळे. आणि खोकला ओला होता. मी त्याचं जॅकेट वर करून पाठीला कान लावला. आत श्वासाबरोबर चुरचुर वाजत होतं.

मी बिजूला हाक मारली. बिजूनं ऑक्सिजन लावला, गोळी दिली आणि कॅप्टन साहेबांना म्हणाला, साब, हॅपो. तो एवढंच बोलला आणि बाजूला झाला. पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

कॅप्टन साहेबांनी रेडिओ सेट उचलला.

"चॉपर चाहिए. एक पेशंट, हॅपो. ओवर."

"चॉपर निगेटिव. मौसम बंद. पेशंट को नीचे ला सकते हो? ओवर."

खालच्या चौकीवर प्रेशर बॅग होती, आमच्याकडं नव्हती. वाटेत दोन ठिकाणी बर्फाला भेगा होत्या आणि वारा थांबलेला नव्हता. चार माणसं स्लेजला लावली तर चौकी निम्मी रिकामी. कॅप्टन साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, ले जाएंगे, साब. ते म्हणाले, जाओ. त्या वयात असा निर्णय इतक्या लवकर घ्यायला छाती लागते. मी आजही त्यांना मानतो.

प्रल्हाद मात्र हटून बसला. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून माझी बाही धरली.

"साहेब, मले खाली नका नेऊ. एकदा अनफिटचा, लो मेडिकलचा शिक्का बसला का मिळणारी नायकीची पट्टी गेली."

"गेली तं गेली. तू राहिला पाहिजे, गा."

"दोन दिवसांत बसते हा खोकला. घरी सगळेच खोकतात."

मी त्याला शिवी घातली आणि स्लेजवर बांधलं. मला त्याचा राग आला होता. एवढा शहाणा माणूस, सगळ्यांची जेवणं सांभाळणारा, आणि स्वतःच्या छातीतलं पाणी त्याला कळू नये? पण राग धरून उपयोग नव्हता. त्यानं चौकीचं भिवापूर केलं होतं, आणि भिवापुरात खोकला कोणी मोजत नाही.

पुढं सर्जेराव, मागं मी, मध्ये स्लेज, बाजूला बिजू आणि आणखी एक जवान, सगळे एकाच दोराला. वाऱ्यात तोंड उघडता येत नव्हतं, खुणांवर चाललो. दर थोड्या वेळानं थांबून मी त्याच्या तोंडावरचा कपडा बाजूला करायचो. खोकल्यातून गुलाबी फेस येत होता. तो शुद्धीवर होता. एकदा मला म्हणाला की साहेब, पाय गेले माझे. मी म्हटलं, पाय इथंच आहेत, बांधलेले आहेत. तो हसायला गेला आणि पुन्हा खोकला. भेगेवरून स्लेज नेताना सर्जेरावचा पाय घसरला, दोरानं तो लटकला, आम्ही ओढून वर घेतला. गुडघा सोलला होता. तो पुन्हा दोर खांद्यावर घेऊन पुढं झाला. दुपार व्हायच्या आत आम्ही खालच्या चौकीवर पोचलो.

प्रेशर बॅग म्हणजे माणूस मावेल एवढी जाड पिशवी. आत झोपवून चेन लावायची आणि पायाच्या पंपानं हवा भरत राहायचं. आतला दाब वाढला की शरीराला वाटतं आपण खूप खाली उतरलो. पंप थांबवायचा नाही, हा नियम. मी आणि सर्जेराव आळीपाळीनं पंप मारत राहिलो. पिशवीला तोंडाजवळ प्लॅस्टिकची खिडकी असते. मी खिडकीतून पाहत होतो. हळूहळू त्याच्या ओठांचा रंग बदलला. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, हात वर केला. त्या क्षणी मला वाटलं, वाचला. मी मोठ्यानं तसं म्हणालोही. सर्जेराव त्या सोललेल्या गुडघ्यानं पंप मारता मारता रडत होता आणि मला शिव्या देत होता, कारण मी त्याला बाजूला हो म्हणत होतो आणि तो होत नव्हता.

दुपारनंतर ढग फाटले. सेटवर निरोप आला, चॉपर येतंय, एकच पेशंट, सोबत कोणी नाही. त्याला पिशवीतून काढून ऑक्सिजनवर हेलिपॅडपर्यंत नेलं. पंखा फिरतच होता. बर्फ डोळ्यात जात होता. प्रल्हादनं मला खूण केली, म्हणून मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"पिशवीत मिरची आहे अजून. बेतानं वापरा. अन् कोल्हापूरवाल्याइले जास्ती नका देऊ."

मी म्हटलं, तू परत येऊन तूच वाट. दार बंद झालं. चॉपर गेलं.

चौकी निम्मी होती म्हणून आम्ही दुसऱ्या सकाळी वर निघालो. पोचलो तेव्हा कॅप्टन साहेब बाहेर उभे होते. त्यांचं तोंड पाहून मी ओळखलं. सेट वाजला तो मीच घेतला. आम्ही निघाल्यावर साहेबांना कळवलेलंच ऑपरेटर खालून पुन्हा सांगत होता की काल संध्याकाळी इस्पितळात पेशंट एक्सपायर झाला, मेसेज मिळाल्याचं सांगा. ऑपरेटरनं दुसऱ्यांदा विचारलं. मेसेज समझे? ओवर.

"रॉजर," मी म्हटलं.

माझ्या सगळ्या नोकरीत तो शब्द उच्चारणं इतकं जड कधी गेलं नाही. सेट ठेवला आणि मी तिथंच बसून रडलो. कॅप्टन साहेब शेजारी बसले. मग ते उठले आणि म्हणाले, उस्ताद, लड़कों ने सुबह से कुछ नहीं खाया. मी उठलो. डाळ-भात लावला. कोणी घास घेईना. मी ऑर्डर दिली, खा. पोरं खाली मान घालून जेवली. मीही जेवलो. अशी जेवणं आम्ही तिथं आणखी बरीच जेवलो.

टेन्युअर संपलं, पुढं दुसऱ्या ठिकाणी बदली झाली, सुभेदार झालो, मग पेन्शन. नागपुरात आलो तर घर परकं. पंख्याखाली झोप येईना, नळ सोडला की पाणी येतं याचं नवल वाटायचं. मेट्रोत कोणी ओलं खोकलं की मी डबा ओलांडून त्याच्याजवळ जायचो. एका बाईनं तर मला चांगलंच झापलं. एवढं सगळं करत होतो, पण भिवापूरला जात नव्हतो. बायको म्हणाली, काहून जात नाही? शेवटी एक दिवस बसनं गेलो.

स्टँडसमोर प्रल्हादचा फ्लेक्स होता, युनिफॉर्ममधला, उन्हानं फिका झालेला. पानठेल्यावर घर विचारलं. ठेलेवाल्यानं रस्ता दाखवला आणि वर सांगितलं की तो गोळी लागून नाही गेला म्हणे, बिमारीनं गेला. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. मी हात खिशात ठेवले आणि पुढं गेलो.

रेखावहिनी दारातच भेटल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि समोर जमिनीवर बसल्या. सासू शेजारच्या खोलीत खोकत होती. मी झालं ते सगळं सांगितलं. कोरडे डोळे, स्लेज, पिशवीची खिडकी, सर्जेरावचा गुडघा. मिरचीचंही सांगितलं. ते लपवावं असं वाटेत वाटलं होतं, पण त्या तोंडाकडं पाहून लपवता आलं नाही. वहिनी म्हणाल्या की गावात लोक दोन तोंडांनी बोलतात. फ्लेक्सवर शहीद लिहितात आणि मागून म्हणतात, बिमारी होती.

"वहिनी, तो ड्यूटीवर गेला. लोकाइचं ऐकू नका."

"लोकाइचं काही नाही, भाऊजी. पण गोळीनं गेला असता तं ज्यानं मारलं त्याचा राग धरता आला असता. हवेचा राग कसा धरू?"

मी म्हणालो, "माझा धरा."

त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं.

"तुमचाच तं धरून बसली आहो इतके दिवस. तो फोनवर म्हणे, हवालदार साहेब आहेत, आपल्याकडचे आहेत, काळजी नको करू. म्हणून मी नाही केली."

मी खाली मान घातली. आतला खोकला तेवढा चालू होता. मग वहिनी उठल्या, आत गेल्या आणि ताट वाढून आणलं. भाजी, भाकर, वरण. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि समोर बसून राहिल्या.

"जेवा," त्या म्हणाल्या. "राग आहेच. पण उपाशी नका जाऊ."

मी जेवलो. पूर्ण जेवलो. तोपर्यंत त्यांनी माझ्या ताटावरून नजर हलवली नाही.

लान्स नायक प्रल्हाद. गाव भिवापूर, जिल्हा नागपूर. त्या चौकीवर त्यानं आम्हाला जेवू घातलं, म्हणून आम्ही जिवंत खाली आलो.